तगर कुठे आहे? ठाण्याचे ताम्रपट आणि बाहेरून मागवलेला मजकूर

इ.स. १७८७. साष्टी बेट मराठ्यांकडून इंग्रजांकडे जाऊन बारा-तेरा वर्षे झाली होती. ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना तांब्याचे कोरीव पत्रे हाती लागले. याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. पत्र्यांवरचा मजकूर संस्कृत होता. जनरल कारनॅक याने तो कलकत्त्यास कळवला, रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावून दिला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १७८८ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापले गेले. एशियाटिक सोसायटीची स्थापना होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. भारतीय ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक नोंद ठाण्याची आहे.

लेख शिलाहार राजा अरिकेसरी याचा. काळ शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे इ.स. १०१७. ग्रहणाच्या पुण्यकाळी राजाने एका विद्वान ब्राह्मणाला भूमिदान केले, एवढीच मूळ घटना. एवढे सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. ताम्रपटात मात्र त्याआधी बरेच काही येते: गणेशाचे आणि शिवाचे स्तवन, नागाचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःचा देह गरुडापुढे ठेवणाऱ्या जीमूतवाहनाची कथा, त्याच्या वंशातले राजे एकामागून एक, आणि मग राजाची बिरुदे. त्या बिरुदांतच ‘तगरपुरपरमेश्वर’ हा शब्द आहे, म्हणजे तगर नावाच्या श्रेष्ठ नगरीचा स्वामी.

अरिकेसरीची सत्ता कोकणात होती, आणि कोकणात तगर नावाचे नगर नव्हते.

मग हा शब्द ताम्रपटात आला कुठून? याचे उत्तर शोधण्यात पुढची शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाकडे आजच्या एका साध्या तांत्रिक अडचणीच्या अंगाने पाहिले, तर ताम्रपट वाचायची एक उपयुक्त रीत हाती येते.

डोंबिवलीतला एखादा विद्यार्थी स्थानिक इतिहासावर प्रबंध लिहितो आहे असे धरू. तो वर्डमध्ये न लिहिता साध्या मजकुराच्या संपादकात, उदाहरणार्थ ईमॅक्सच्या ऑर्ग पद्धतीत लिहितो. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, वंशावळीची वेगळी, संदर्भसूचीची वेगळी. मुख्य फाइलीत तो फक्त एक आज्ञा लिहितो: ‘इन्क्लूड’, आणि पुढे फाइलीचा पत्ता. पीडीएफ काढायची वेळ आली, म्हणजे निर्यात केली, की यंत्र त्या त्या ठिकाणी तो तो मजकूर ओढून आणते आणि एकसंध दस्तऐवज तयार करते.

ही युक्ती जुनी आहे. १९६० सालच्या कोबोल भाषेत ‘कॉपी’ ही सोय होती. १९७२-७३च्या सुमारास सी भाषेला जे पूर्वसंस्करण जोडले गेले, त्याच्या पहिल्या रूपात दोनच मुख्य गोष्टी होत्या आणि त्यांतली एक हीच होती. बीसीपीएल आणि पीएल/वन या भाषांतली सोय पाहून ती घेतल्याचे डेनिस रिची यांनी स्वतः नोंदवले आहे. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक्‌मध्ये ती ‘इनपुट’ या नावाने आली. ऑर्ग पद्धत कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केली. हेतू सगळीकडे एकच: जे पुन्हा पुन्हा लागते ते एकदाच लिहावे आणि हवे तिथे मागवावे.

बिघाडही सगळीकडे तेच होतात. फाइल सांगितलेल्या पत्त्यावर सापडत नाही. किंवा सापडते, पण जुनी असते. किंवा ओळ चुकीची येते. किंवा मजकूर बरोबर येतो, पण चुकीच्या पातळीवर बसतो.

शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीकरण’ या राजकीय लेखनखात्याचा उल्लेख येतो. राजाचा ताम्रपट या खात्यात आकार घेत असे. तिथला लेखक दर वेळी नवे काव्य रचत नसे, हे लेख शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसते. ठाण्याच्या १०१७च्या ताम्रपटापाठोपाठ शके ९४८चा, म्हणजे इ.स. १०२६चा छित्तराजाचा भांडुप ताम्रपट पाहावा. राजा बदलला, दान बदलले, तिथी बदलली. जीमूतवाहन, त्याची वंशावळ आणि बिरुदावली मात्र तशीच. शेवटी दान मोडणाऱ्याला मिळणाऱ्या नरकाची भीती घालणारे श्लोक येतात. ते तर एकट्या शिलाहारांचेही नाहीत, भारतभरच्या ताम्रपटांत तेच श्लोक फिरत असतात. (ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यासाठी शिलाहारांनी हाच शाप चित्ररूपात दगडावर कोरला. ते गद्धेगाळ आजही कोकणात जागोजागी उभे आहेत.)

म्हणजे ताम्रपटाचे दोन भाग पडतात. एक, त्या दिवशी नव्याने लिहिलेला: तिथी, दान घेणाऱ्याचे नाव, गोत्र, गाव, चतुःसीमा, त्या वेळचे मंत्री. दुसरा, दप्तरातून मागवलेला. पहिला भाग त्या दिवसाचा साक्षीदार आहे. दुसऱ्या भागात आजोबांनी सांगितलेली हकीकत असते. समाजमाध्यमांवर शिलाहारांविषयी जे संदेश फिरतात, त्यांतल्या निम्म्या चुका हा फरक न केल्यामुळे झालेल्या आहेत. ‘ठाण्याचे शिलाहार तगरवर राज्य करत होते’ हे विधान त्यांपैकीच एक.

पहिल्या भागातून काय मिळते याचा नमुना भांडुपच्या ताम्रपटातच आहे. दान दिलेले शेत ‘षट्षष्टी’ विषयात होते आणि तो विषय श्रीस्थानकाला जोडलेला होता असे तो सांगतो. स्थानक म्हणजे ठाणे. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट, सहासष्ट गावांचा मुलूख. तीच पुढे साष्टी झाली आणि पोर्तुगीजांच्या तोंडी साल्सेट. हा तपशील कोणत्याही ठरीव मजकुरातून आलेला नाही. शेताची ओळख पटावी म्हणून तो त्या दिवशी लिहावा लागला, आणि म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे.

आता तगरकडे वळू.

ठाण्याच्या ताम्रपटाचे भाषांतर छापले गेले त्याच खंडात लेफ्टनंट फ्रान्सिस विल्फर्ड याचे तगर नगरीवरचे टिपणही आले. त्याने तगर म्हणजे देवगिरी, आजचे दौलताबाद, असे ठरवले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. एकाच नगरीचे तीन विद्वानांनी तीन पत्ते दिले.

त्या सर्वांच्या हाती ताम्रपटाखेरीज आणखी एक दुवा होता: इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासवर्णन. त्यात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर दक्षिणेला, आणि तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेला असल्याचे म्हटले आहे. तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई. (याच ग्रंथात कल्याणचेही नाव आहे. पूर्वी ते राजमान्य बंदर होते, पण सत्ताबदलानंतर तिथल्या व्यापाराची कोंडी झाली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रार त्यात आहे.)

‘पैठणपासून दहा दिवस पूर्वेला’ हा सापेक्ष पत्ता आहे. सापेक्ष पत्त्याचा एकच नियम असतो: तो कुठून मोजायचा हे आधी पक्के करावे लागते. संगणकावरही नेमके इथेच अडते. मुख्य फाइल एका फोल्डरात, प्रकरणाची फाइल दुसऱ्या. प्रकरणात लिहिलेला चित्राचा पत्ता प्रकरणाच्या जागेवरून बरोबर असतो आणि मुख्य फाइलीच्या जागेवरून चूक. लिहिणाऱ्याने काहीही चुकवलेले नसते, तरी चित्र हरवते. अशा वेळी अनुभवी माणूस आधी एकच प्रश्न विचारतो: हा पत्ता मुळात कुठे बसून लिहिला होता?

दौलताबाद पैठणच्या उत्तरेला आहे आणि जुन्नर पश्चिमेला. पेरिप्लसचा पत्ता गंभीरपणे घेतला तर दोन्ही बाद होतात. विल्फर्डने तगर शोधताना प्रसिद्ध नाव आधी पाहिले आणि अंतर नंतर जुळवले. ही घाई त्याला पुढे फार महागात पडणार होती. धारूर दिशेच्या दृष्टीने चालण्यासारखे होते, पण नावाचे रूप नीट पटत नव्हते. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून तेर हे नाव पुढे केले. तेरणा नदीकाठचे, धाराशिव जिल्ह्यातले, संत गोरोबा कुंभारांचे तेर. तगर, तयर, तेर असा नावाचा प्रवास भाषेच्या नियमांत बसत होता, पैठणपासूनचे अंतरही बसत होते. पुढे तेरच्या मातीतून सातवाहनकालीन अवशेष आणि रोमशी व्यापार असल्याच्या खुणा निघाल्या, आणि ही ओळख आता सर्वमान्य आहे.

याचा अर्थ ठाण्याच्या राजाचे तेरवर राज्य होते असा नव्हे. कोल्हापूरच्या शिलाहारांनीही हेच तगरचे बिरुद मिरवले. दोन वेगळ्या घराण्यांच्या दप्तरांत तोच शब्द सापडतो, तेव्हा तो दोघांच्याही आधीच्या एखाद्या स्मृतीतून आलेला असावा असे मानणे सयुक्तिक ठरते. आपले मूळ तगरचे, ही आठवण शब्दात टिकली. नगरी मागे राहिली, पत्ता ताम्रपटातून पुढे येत राहिला.

याहून रोचक बिघाड आहे तो जुन्या झालेल्या मजकुराचा. त्यासाठी भिवंडी परिसरातल्या भादाणे गावाच्या दानपत्राकडे जावे लागते. ते अपराजित या शिलाहार राजाचे, शके ९१९चे, म्हणजे इ.स. ९९७चे. भादाणे हे गाव लोणादित्य या सूर्यदेवाच्या पूजेसाठी दिल्याचे त्यात सांगितले आहे. लोणाड हे गाव आजही भिवंडी-कल्याण टापूत आहे.

शिलाहार मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक. मांडलिकाच्या लेखात आधी सम्राटाचे कूळ, मग स्वतःचे, हा दप्तराचा शिरस्ता. त्यानुसार भादाण्याच्या लेखात राष्ट्रकूटांची वंशावळ रीतसर येते, थेट शेवटच्या कक्कलापर्यंत. अडचण एवढीच की चालुक्य तैलपाने कक्कलाचा पाडाव ९७३ साली केला होता. लेख कोरला जात होता तेव्हा त्या साम्राज्याला संपून चोवीस वर्षे झाली होती.

दप्तराने नेहमीचा मजकूर सवयीने ओढून आणला, असे प्रथमदर्शनी वाटेल. जुन्या फाइलीकडे बोट दाखवणारी आज्ञा कुणी काढलीच नाही, म्हणून ती चालत राहिली. तसे असते तर ही केवळ गमतीची चूक ठरली असती. पण लेख कक्कलाच्या पराभवाचा उल्लेख करतो आणि राष्ट्रकूटांचे वैभव आता आठवणीपुरते उरल्याची खंतही व्यक्त करतो. म्हणजे लिहिणाऱ्याला बातमी ठाऊक होती. ठाऊक असूनही त्याने जुनी वंशावळ ठेवली आणि तिच्याखाली नव्या सम्राटाचे नाव घातले नाही. तैलपाला आम्ही मालक मानत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

या निष्कर्षाची खातरजमा करता येते, कारण दुसरी प्रत उपलब्ध आहे. दक्षिण कोकणातल्या शिलाहारांचा रट्टराज याने शके ९३०मध्ये, म्हणजे १००८ साली, दिलेला ताम्रपट खारेपाटणला मिळाला. तो प्रथम प्रसिद्ध केला ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून सर्वांना माहीत असलेले बाळशास्त्री जुने लेखही वाचत, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. रट्टराजाच्या लेखातही राष्ट्रकूटांची वंशावळ आहे, तीही कक्कलापर्यंत येते. पण तिथे थांबत नाही. पुढे तैलप येतो आणि त्याच्यानंतर सत्याश्रय, म्हणजे त्या वेळी प्रत्यक्ष राज्य करणारा चालुक्य सम्राट. दक्षिणेच्या दप्तराने मजकूर अद्ययावत केला होता.

अकरा वर्षांच्या अंतराने कोरलेले हे दोन लेख. त्यांतली पूर्वपीठिका सारखीच, शेवट वेगळा. एका राजाने नवा मालक स्वीकारला, दुसऱ्याने नाकारला, आणि हा राजकीय निर्णय दोघांनीही स्वतंत्र वाक्यात कुठे लिहिलेला नाही. वंशावळ कुठे तोडली यावरून तो कळतो. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हे दोन्ही लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्याच खंडात संपादित केले, त्यामुळे वाचकाला ते एकाच बैठकीत शेजारी ठेवून पाहता येतात. ठाण्याच्या १०१७च्या ताम्रपटात राष्ट्रकूट उरलेच नाहीत. अपराजितानंतर वीस वर्षांत तो भाग गळाला आणि वंशावळ थेट जीमूतवाहनापासून सुरू झाली.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ताम्रपट ही निर्यात झालेली प्रत असते. दप्तरातला मूळ मजकूर ताडपत्रावर, कापडावर किंवा कुणाच्या पाठांतरात असेल तो बदलत राहतो. तांब्यावर एकदा छिन्नी चालली की ती प्रत तिथेच थिजते. आजचा विद्यार्थी प्रकरणात दुरुस्ती करतो, फाइल जतन करायला विसरतो आणि नव्या पीडीएफमध्ये जुनीच चूक पाहून चक्रावतो. यंत्र चकतीवर जतन झालेली फाइल वाचते, पडद्यावरची नव्हे. ताम्रपटाच्या बाबतीतही हेच विचारायचे असते: दप्तरातल्या कोणत्या अवस्थेतून ही प्रत निघाली? दोन लेखांत फरक दिसला की लगेच ‘एक खरा, एक खोटा’ असे म्हणणे ही उतावीळ होय.

पातळीचा प्रश्न थोडक्यात. ऑर्गमध्ये बाहेरून आणलेल्या फाइलीतले मोठे शीर्षक, ज्या शीर्षकाखाली ते आणले त्याच्या हाताखाली जाते. स्वतंत्र प्रकरण पोटप्रकरण होऊन बसते. ते मूळ उंचीवर ठेवायचे तर तशी किमान पातळी आज्ञेतच सांगावी लागते. मांडलिकांच्या लेखांतली रचना नेमकी अशीच आहे: सम्राटाचे कूळ वर, त्याखाली आपले. वरचे शीर्षक काढले की खालचा आपोआप वर सरकतो. अरिकेसरीच्या लेखात तेच झाले. तो बिरुदांत अजून ‘महामंडलेश्वर’च आहे, पण त्याच्या डोक्यावर आता कुणाचे कूळ नाही.

ओळ चुकण्याचा प्रकार सर्वांत फसवा, कारण तिथे यंत्र थांबत नाही. फाइलच सापडली नाही तर ऑर्ग निर्यात थांबवून तक्रार करते, हे बरे. पण ‘पाच ते दहा ओळी आण’ असे सांगितले आणि दरम्यान मूळ फाइलीत वर दोन ओळी वाढल्या, तर भलतीच ओळ निमूटपणे येऊन बसते. (शिवाय ऑर्ग या मोजणीत दहावी ओळ धरत नाही. नवशिक्यांची शेवटची ओळ हमखास इथेच हरवते.)

अशा निमूट चुकीचे उदाहरण कल्याणच्या शेजारीच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख वाचताना डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वर्ष लावले. म्हणजे इ.स. ८६०. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तेच वर्ष ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असे वाचले. एका अंकाचा फरक, पण मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलते. झिजलेल्या दगडाकडे कितीही वेळ पाहत बसले तरी हा वाद मिटला नसता. तो मिटतो इतर लेखांच्या आधाराने. अंबरनाथचा लेख मुम्मुणि या राजाचा आहे. तो छित्तराजाचा भाऊ, आणि छित्तराज शके ९४८मध्ये राज्य करत होता हे भांडुपचा ताम्रपट सांगतो. शिवाय कान्हेरीच्या लेखांतून शके ७६५च्या सुमारास पुल्लशक्ती आणि शके ७९९मध्ये दुसरा कपर्दी राज्यावर असल्याचे कळते. ७८२ हे वर्ष बरोबर त्या दोघांच्या मध्ये पडते. तिथे मुम्मुणिला जागाच नाही. ठरीव वंशावळ, जिच्यावर अती विश्वास ठेवू नये असे वर म्हटले, तीच इथे कामाला येते. राजांचा क्रम अनेक लेखांत सारखा येतो, म्हणून एखादे वर्ष क्रमाबाहेर पडले की ते चटकन डोळ्यांत भरते.

भाऊ दाजींना यात दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी लेख वाचला तेव्हा जुळवून पाहायला आज इतके लेख छापलेले नव्हते. वासुदेव विष्णु मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून प्रसिद्ध केले ते १९७७ साली, ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’च्या सहाव्या खंडात. त्या एका ग्रंथामुळे कोणता भाग मागवलेला आणि कोणता नवा हे तपासणे कॉलेजच्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले.

आता विल्फर्डची उरलेली गोष्ट. तगरचा पत्ता चुकला ही तशी किरकोळ बाब होती. पुढे त्याने पुराणांतून इजिप्त आणि ब्रिटिश बेटांची वर्णने शोधायला घेतली. त्यासाठी पुराणांतले उतारे काढून देणारा एक पंडित पदरी ठेवला. साहेबाला काय हवे ते त्या पंडिताने ओळखले आणि पोथ्यांतली नावे खोडून हवी ती घातली, मूळ पाने काढून आपण रचलेली पाने बसवली, हजारो श्लोक नवे केले. विल्फर्डला हे कळले तेव्हा त्याचे लेख युरोपभर पोहोचले होते. १८०५ साली त्याच ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्याला सगळा प्रकार जाहीर करावा लागला. पत्ता बरोबर, फाइल जागेवर, निर्यात निर्वेध. फक्त आतला मजकूर कुणी बदललेला. अशा दोषावर यंत्राकडे उपाय नाही. मागवलेला मजकूर उघडून, मूळ पोथीशी ताडून, स्वतः वाचणे एवढेच हाती उरते. विल्फर्डने ते फार उशिरा केले.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एका दोषाची गाठ पडते. जुन्या छपाई-फॉन्टात टंकलिखित केलेली फाइल युनिकोडच्या दस्तऐवजात ओढली की देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग येते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण मराठी छपाई त्यानंतरही कैक वर्षे जुन्या फॉन्टांवर चालली. गावोगावच्या स्मरणिका आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत. त्या आधी रूपांतरित करून घ्याव्या लागतात. ताम्रपटाची लिपी ओळखल्याशिवाय भाषा कळत नाही, तसेच हे.

दोष शोधायची रीत दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. ज्या आज्ञेवर संशय आहे ती एकटी कोऱ्या फाइलीत ठेवावी आणि निर्यात करून पाहावी. बाकीचा पसारा बाजूला झाला की दोष उघडा पडतो. ऑर्गमध्ये दस्तऐवज पीडीएफऐवजी पुन्हा साध्या मजकुरातच निर्यात करता येतो. मग मागवलेले सगळे तुकडे जागच्या जागी पसरलेले दिसतात आणि कोणता कुठून आला हे ओळीओळीने तपासता येते. पुराभिलेखाचा संपादक याहून वेगळे काय करतो? तो अक्षरशः प्रतिलेख काढतो, मंगलाचरण, वंशावळ, बिरुदे, दान, सीमा, शाप असे भाग पाडतो, प्रत्येक भाग त्याच घराण्याच्या इतर लेखांशी लावून पाहतो, आणि जिथे सांधा नीट बसत नाही तिथे थांबतो. अपराजिताचा नकार अशाच एका सांध्यात सापडला.

शिलाहारांच्या बिरुदावलीतला एक पत्ता मात्र अजून लागलेला नाही. उत्तर कोकणच्या त्यांच्या राज्याचे वर्णन लेखांतून ‘पुरी ज्यांत प्रमुख आहे अशी चौदाशे गावे’ असे येते. ही पुरी त्यांच्याही आधीची. शके ५५६च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य पुलकेशी दुसरा याने शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीवर चाल केल्याचे वर्णन आहे. कुणी तिला घारापुरी मानतो, कुणी दंडा-राजपुरी, कुणी घारापुरीजवळचे मोरा बंदर, तर कुणी ठाण्याच्याच आसपास शोधतो. पेरिप्लसने तगरसाठी पैठणपासूनचे अंतर दिले होते. पुरीसाठी तसा मोजता येईल असा एकही दुवा आजवर हाती आलेला नाही.